बऱ्हाणपुरात खासगी मार्गदर्शक घेऊन भुताखेतांची रात्रफेरी करावी का? सल्ला हवा आहे

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत माझी पुण्याची नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुले आमच्याकडे येणार आहेत. शनिवारवाड्यातील ‘काका, मला वाचवा’ची गोष्ट ऐकतच ही मुले मोठी झाली असल्यामुळे आपल्याकडेही तसे काही आहे का, असे ती मला फोनवर विचारत असतात. अजिंठा आणि पाटणादेवी त्यांचे पाहून झाले आहे. बऱ्हाणपूर मात्र दर वेळी राहून जाते. तेथील काही स्थानिक मार्गदर्शक एका कुटुंबापुरती संध्याकाळची फेरी काढतात आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांतून फिरवत मृत्यूच्या व भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, असे यांच्या कार्यालयातील एकांनी सांगितले.

अशी फेरी पैसे मोजून करण्याजोगी असते का, अंधार पडल्यावर नेमके काय पाहता येते, आणि मार्गदर्शक चांगला आहे की नुसता बोलघेवडा, हे आधी कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. धाकटी भाची नऊ वर्षांची आणि जरा भित्री आहे. शिवाय सासूबाई बरोबर असतील आणि त्यांचे गुडघे दुखतात.

रावेरचा शेजारी

ताई, फेरी अवश्य करा. बऱ्हाणपुरात भुते शोधावी लागत नाहीत. मोगल घराण्यातील माणसे या गावात येऊन इतकी मेली आहेत की अभ्यासू मार्गदर्शकाला पदरचे काहीही घालावे लागत नाही. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये येथेच वारला. दारूपायी त्याची प्रकृती ढासळली, तेव्हा बापाने दारू बंद करण्याचा हुकूम पाठवला आणि सासरा अब्दुर्रहीम खानखानान याने त्याच्याभोवती पहारे बसवले. तरीही एका नोकराने शिकारीच्या बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत पोहोचवली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याची काजळी तिच्यात उतरली, आणि ती पिऊन तो अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. ही हकीकत त्याचा सख्खा नसला तरी बापाकडून भाऊ असलेल्या जहांगीरने स्वतः लिहून ठेवली आहे. त्या आवडत्या बंदुकीचे नाव दानियालनेच हौसेने जनाज्यावरून ठेवले होते, हा तपशील मार्गदर्शकाला ठाऊक आहे का, एवढे विचारले तरी माणसाची पारख होते.

पुढे १६२२ मध्ये जहांगीरचा मुलगा शाहजादा खुस्रो आपला भाऊ खुर्रम याच्या ताब्यात असताना येथे मेला. पोटशूळाने मेला असे बापाला कळवण्यात आले, पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १६२६ मध्ये तिसरा भाऊ परवेझ गेला, आणि त्यालाही दारूनेच नेले. खुर्रम शाहजहान होऊन पुन्हा येथे मुक्कामाला आला, तेव्हा १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात (हरणे ठेवण्याच्या बागेत) तिला तात्पुरते दफन केले आणि डिसेंबरात तिचे पार्थिव आग्र्याला नेले. मधल्या सहा महिन्यांच्या त्या रिकाम्या झालेल्या जागेवर बऱ्हाणपूरकरांनी गोष्टींचे इमले उभे केले आहेत. बाईचे कण्हणे ऐकू येते, असे तेथे हमखास सांगितले जाते. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला माहीत असलेले मिर्झाराजे जयसिंगही १६६७ मध्ये याच गावी वारले आणि त्यांची स्मारक-छत्री शहराबाहेर नदीकाठी आहे.

एवढे सगळे खरे असताना एखादा मार्गदर्शक पांढऱ्या साडीतील बाईवरच गाडी आणत असेल, तर त्याच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना भुसावळकर

वरील प्रतिसादाला अनुमोदन. व्यवहाराचे तेवढे मी सांगतो. जळगावहून सावदा-रावेरमार्गे साधारण शंभर किलोमीटर अंतर आहे. रेल्वेने जायचे असल्यास भुसावळ-खंडवा मार्गावरील गाडी घ्यावी, पण स्थानक लालबागेत असल्याने जुन्या शहरात जाण्यासाठी तेथून रिक्षा करावी लागते.

महत्त्वाची बाब अशी की शाही किल्ला, त्यातील हमाम (स्नानगृह) आणि असीरगड ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणे आहेत आणि ती सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत उघडी असतात. ‘रात्री आत नेतो, चौकीदार आपलाच आहे’ असे कोणी म्हणाले, तर तेथूनच नमस्कार करावा. कार्तिकात पावणेसहालाच दिवे लागतात. त्यामुळे दुपारी साडेतीनला किल्ल्यात शिरून हमामाच्या छतावरील रंगकाम उजेडात पाहून घ्यावे, बाहेर पडून चहा घ्यावा आणि मग अंधारातील फेरी राजघाट, शनवारा दरवाजा आणि मधल्या गल्ल्यांत करावी. लक्ष्मीपूजनाच्या आसपास जाऊ नका. फटाक्यांच्या आवाजात गोष्ट ऐकू येत नाही आणि रोषणाईत अंधार उरत नाही. भाऊबीज उलटल्यावर जावे.

चिकित्सक_अमळनेर

माझा सूर थोडा वेगळा आहे, तो समजून घ्यावा. भुताची गोष्ट गोष्ट म्हणून सांगण्याला माझी मुळीच हरकत नाही. आमच्या आजीने अंगणात बाजेवर बसून मुंजाच्या आणि हडळीच्या गोष्टी अहिराणीत सांगितल्या नसत्या, तर माझे बालपण फारच नीरस गेले असते. परंतु खान्देशात हा विषय निव्वळ करमणुकीचा नाही. सातपुड्यातील पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले आहेत आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्यामागे अशीही कारणे आहेत. म्हणून मार्गदर्शकाशी बोलताना दोन अटी घालाव्यात. हयात माणसाकडे किंवा वस्तीतल्या एखाद्या घराकडे बोट दाखवून कोणतीही गोष्ट सांगायची नाही, आणि फेरीचा शेवट ताईत-गंडे विकणाऱ्याच्या ओट्यावर करायचा नाही. दुसरी अट विनोदी वाटेल, पण ती घातल्याशिवाय राहू नये.

आणखी एक सुचवतो. राजपुत्रांच्या आणि बेगमांच्या मृत्यूंबरोबर १६३० ते १६३२ च्या दुष्काळाबद्दलही विचारावे. मुमताज गेली तेव्हा गुजरात, खान्देश आणि दख्खन उपासमारीने होरपळत होते. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून निघून नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्याच गावांतून बऱ्हाणपूरकडे गेला. वाटेत पडलेल्या प्रेतांमुळे तंबू ठोकायला जागा मिळणे कठीण झाले होते, असे त्याने नोंदवले आहे. या माणसांची छत्री नाही आणि घुमटही नाही. भाच्यांना तापीकाठी उभे करून एवढे सांगितले, तरी ते कोणत्याही कण्हण्यापेक्षा अधिक काळ त्यांच्या लक्षात राहील.

तापीकाठ (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंदुकीची गोष्ट आत्ताच यांना वाचून दाखवली. दोन शंका आहेत. गटासोबतच्या फेरीपेक्षा खासगी फेरी खरोखरच बरी पडते का? आणि असीरगडावरील अश्वत्थाम्याची गोष्ट मुलांना फार ऐकायची आहे, तर त्याच दिवशी तेही जमेल का?

सातपुडा_पायवाट

अश्वत्थाम्यासाठी असीरगडावर जायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गड शहरापासून वीसेक किलोमीटरवर खंडव्याच्या रस्त्याला आहे आणि दोन्ही एका संध्याकाळी कोंबल्यास दोहोंची माती होईल. गडावरील महादेवाच्या देवळात तो पहाटे सर्वांच्या आधी पूजा करून जातो आणि पिंडीवर ताजे फूल सापडते, अशी समजूत आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, हे तर आपल्याकडच्या प्रत्येक घरात सांगितले जाते. मुलांना हेही सांगा की त्याच अश्वत्थाम्याच्या नावाने नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे अस्तंब्याच्या शिखरावर ऐन दिवाळीत यात्रा भरते आणि लोक रात्रभर डोंगर चढतात. मला विचाराल तर ती यात्रा कोणत्याही विकतच्या भूतफेरीपेक्षा सरस आहे, पण सासूबाईंना आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती करण्याचा सल्ला मी देणार नाही.

बऱ्हाणपूर दूर वाटत असेल तर थाळनेरचाही विचार करावा. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी राजवटीचे हे मूळ ठिकाण तापीच्या काठी असून तेथे त्या घराण्याची थडगी आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉप याने किल्ला घेतला, तेव्हा दरवाज्यातील चकमकीत दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतील अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. फाशी न्याय्य होती की नाही, यावर पुढे इंग्रजांमध्येच वाद झाला. मात्र थाळनेरला मार्गदर्शक मिळणार नाही. वाचून जावे लागेल आणि दिवसाउजेडीच परतावे लागेल.

ओट्यावरची मंडळी

खासगी की गट, यावर माझा अनुभव सांगते. आम्ही एका दुसऱ्या शहरात मोठ्या गटासोबत अशी फेरी केली होती. मार्गदर्शकाने एका बोळाच्या तोंडाशी चादर पांघरलेला मुलगा उभा करून ठेवला होता. तो अंगावर धावून आला तेव्हा तरुण मंडळी हसली, पण माझ्या आईला रक्तदाबाचा त्रास असल्याने ती तेथेच एका पायरीवर बसली आणि उरलेली फेरी आम्ही सोडून दिली. गटात असताना ‘आमच्याबरोबर आई आहे, हे करू नका’ असे सांगायला जागाच नव्हती. खासगी फेरीचे पैसे माणशी न घेता बहुधा एकरकमी घेतात, त्यामुळे सहा-सात माणसांच्या कुटुंबाला ती फार महाग पडत नाही. शिवाय चालण्याचा वेग आपला, थांबण्याची जागा आपली आणि भाची घाबरली तर गोष्ट अर्ध्यावर वळवण्याची मुभाही आपली.

पैसे, वेळ, चालण्याचे अंतर आणि ‘अंगावर कोणी धावून येणार नाही’ हे चारही मुद्दे निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावेत. फोनवर दहा मिनिटे बोलून त्याला एकच गोष्ट सांगायला लावावी. जो ‘हे नोंदलेले आहे आणि हे लोक सांगतात’ असा फरक बोलता बोलता सहज करतो, तो घ्यावा. जो सगळेच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतो, त्याला राम राम म्हणावे.

रावेरचा शेजारी

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. आणखी एक सांगायचे राहिले होते. जुन्या शहरात यंत्रमाग पुष्कळ आहेत. फेरीत एखाद्या अरुंद गल्लीत वळलात की बंद दाराआडून मागांचा खडखडाट इतका एकसुरी येत राहतो की मार्गदर्शकाला मोठ्याने बोलावे लागते. मग वीज गेली, तर क्षणात सगळी गल्ली गप्प होते आणि आपण किती हळू आवाजात बोलत होतो ते आपल्यालाच कळते. मुलांना भीती वाटलीच तर ती तेथे वाटेल आणि त्यासाठी कोणाला चादर पांघरावी लागणार नाही. या गल्ल्यांत माणसे राहतात आणि काम करतात, म्हणून घोळक्याने दारांसमोर उभे राहून टॉर्च आत मारू नये. कबरींवर पाय देऊ नये आणि फोटो विचारून काढावेत.

आहुखाना मात्र अंधारात नको. तो नदीपलीकडे आहे आणि तेथे दुपारीच जाऊन यावे. त्याच वेळी लालबागेतील कुंडी भंडारा उरकता आल्यास उरकावा. खानखानानच्या काळात जमिनीखालून शहराला पाणी आणण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येते, पण लिफ्ट चालू आहे का, हे आधी विचारून मगच रिक्षा वळवावी. खाली गेल्यावर छतातून झिरपणाऱ्या पाण्याने भाचीची भीती गेली तर जाईल, नाहीतर दुप्पट होईल. ते आपण मामी म्हणून ठरवावे.

तापीकाठ (जळगाव)

दुपारी आहुखाना, साडेतीनला किल्ला आणि अंधार पडल्यावर गल्ल्या, असा बेत यांना पटला आहे. असीरगड दुसऱ्या सकाळी ठेवू. राजघाटाच्या पायऱ्या सासूबाईंना झेपतील का?

जुना भुसावळकर

झेपणार नाहीत आणि झेपवूही नयेत. त्यांना वरच खुर्चीवर बसवावे. खुर्ची आणण्याचे मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवा, शेजारच्या दुकानातून ती मिळते. दानियालची आणि मुमताजची गोष्ट वरच, त्यांच्यासमोर सांगायला लावा. खाली पाण्याजवळ फक्त मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी जावे. फेरी आठपर्यंत आटोपती घेतली तर मावा जिलेबीची दुकाने उघडी असतात. अवांतर : घरी नेण्यासाठी दराबा ही तेथील मिठाई घ्यावी, जिलेबी तेथेच गरम खावी.