'ड्राय' वाइन : कोरडी की अगोड?

प्रश्न : स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन कशी पारखावी यावरच्या एका लेखाचं मराठी करतो आहे. 'ड्राय'साठी 'कोरडी' लिहिलं खरं, पण पातळ पदार्थाला कोरडं म्हणताना हात अडखळतो. 'एक्स्ट्रा ड्राय'ला मग 'अतिकोरडी' म्हणायचं का? आणि 'क्रिस्प'चं काय करू?

उत्तर : 'अतिकोरडी' कृपया नको, वाचकाची पुरती फसगत होईल. वाइनच्या बाबतीत 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली. पण युरोपच्या नियमांनुसार 'ब्रूट' या श्रेणीच्या स्पार्कलिंग वाइनमध्ये लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये 12 ते 17 आणि 'सेक'मध्ये 17 ते 32. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड! आणि 'सेक' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी 'कोरडा'. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन फार गोड करत, त्या गोडीच्या मानाने ही नावं पडली आणि पुढे आवड बदलली तरी बाटलीवर राहिली. ही श्रेणीनामं आहेत, त्यांचं भाषांतर करू नये. जशीच्या तशी ठेवून शेजारी साखरेचा आकडा द्यावा.

वर्णनातल्या 'ड्राय'ला मात्र मराठी शब्द हवाच, आणि 'कोरडी' तो नव्हे. तोंड कोरडं पडतं ते तुरट चवीने. तांबड्या वाइनमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी होते. 'कोरडी' वाचलं की मराठी वाचक तिकडेच जाणार. स्पार्कलिंग वाइनमध्ये बहुधा उलट घडतं : आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटतं. याच आंबटपणापुढे थोडी साखर जिभेला जाणवतही नाही, म्हणून गोडी पारखायची तर घोट तोंडात धरून बुडबुडे निवू द्यावेत. वाइन फार गार असली तरी गोडी लपते. मी 'अगोड' लिहितो.

आणखी एक मत : 'अगोड'मध्ये उणिवेचा सूर आहे. चहा अगोड झाला म्हणजे साखर कमी पडली, कोणाचं तरी चुकलं. इथे तर साखर मुद्दाम टाळलेली असते. 'बिनगोड' बरा वाटतो.

उत्तर : हा आक्षेप मला पटला, 'बिनगोड'च घेऊ. 'बिनसाखरेची' हा शब्द 'ब्रूट नेचर'साठी राखून ठेवावा. तिच्यात वरून साखर घालतच नाहीत, आणि मुळातलीही 3 ग्रॅमपेक्षा कमी असते.

'क्रिस्प'ला 'कुरकुरीत' म्हणू नका, ते दाताखालचं. आंबटपणाची धार सांगायची आहे, तर 'तरतरीत' लिहा. 'आंबूस'ही टाळा. तो शब्द वाचला की नासलेलंच डोळ्यांपुढे येतं. 'फसफसणारी'चंही तसंच. उत्तम शॅम्पेन फसफसत नाही, तिचे बारीक बुडबुडे पेल्यात मोत्यांच्या सरासारखे वर चढत राहतात. बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, पण जिभेवर तो मऊ फेस होऊन यावा. बोचला तर 'चरचरीत' म्हणा, आणि ते दोष म्हणूनच.

बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना यीस्ट मरून तळाशी बसतं. त्याला 'गाळ' म्हणतात, पण 'साका' हा आपला नेमका शब्द असताना तो का सोडावा? साक्यावर महिनोन्महिने राहिल्यानेच भाजलेल्या पावाचा वास येतो. साध्या शॅम्पेनलाही निदान 12 महिने साक्यावर ठेवावं लागतं.

तेव्हा अशा वाइनचं वर्णन मी असं करीन : 'बिनगोड, तरतरीत, हिरव्या सफरचंदाचा वास, मागून भाजलेल्या पावाचा, बुडबुडे बारीक, फेस मऊ, घोट गिळल्यावरही लिंबाची चव बराच वेळ रेंगाळते.'