मदत हवी आहे: असईच्या लढाईवरील वॉरगेममध्ये आडोशाचे नियम कसे ठेवावेत?

शुतरनाळ
२३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या लढाईवर मी टेबलावर खेळायचा वॉरगेम रचत आहे. बाकीचे सर्व नियम जमले असून घोडे केवळ आडोशापाशी अडले आहे. कुंपणाआड किंवा नदीच्या दरडीआड असलेल्या तुकडीवर गोळीबार करताना फाशातून एक वजा होतो आणि असई गावाच्या मातीच्या गावकुसाआड असलेल्या तुकडीवर दोन वजा होतात. परिणामी गावातले मराठा पायदळ मरतच नाही, वेलस्लीच्या, म्हणजे इंग्रजांच्या, बाजूचा खेळाडू पुढे येतच नाही आणि दोघेही एकमेकांकडे पाहत बसतात. येत्या रविवारी पुन्हा डाव मांडायचा आहे, तेव्हा वजाबाकी नेमकी किती ठेवावी एवढेच कृपया सांगावे. इतिहास मला ठाऊक आहे.

पाचसहा
फासा किती बाजूंचा आहे, आडोसा नसताना गोळी कितीवर लागते आणि एक तुकडी म्हणजे किती माणसे, हे कळल्याशिवाय कोणताही आकडा सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

शुतरनाळ
फासा अर्थातच नेहमीचा, सहा बाजूंचा आहे. जवळून ४ वा अधिक, लांबून ५ वा अधिक पडल्यास गोळी लागते. एक तुकडी म्हणजे एक पलटण.

थर्मोकोलवाला
गावकुसासाठी थर्मोकोलच्या पट्ट्या कापून त्यांवर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली चाळलेली माती लावावी. रंगाचा स्प्रे थेट मारू नये, कारण त्याने थर्मोकोल विरघळतो.

पाचसहा
दोष आकड्यात नाही, वजाबाकीच्या पद्धतीत आहे. जवळून गोळी लागण्याची शक्यता सहांत तीन आहे. एक वजा केल्यावर ती सहांत दोन होते, म्हणजे एक तृतीयांशाने घटते. लांबून ती मुळातच सहांत दोन आहे. तेथे तोच एक वजा केला की सहांत एक, म्हणजे थेट निम्मी होते. दोन वजा केल्यास लांबून ७ पडावे लागतात, आणि सहा बाजूंच्या फाशावर ७ नसतातच. आडोसा तोच असूनही ज्याचा नेम आधीच कच्चा आहे त्यालाच तो अधिक छळतो. म्हणून गोळी लागण्याचा आकडा आहे तसाच ठेवावा आणि लागलेल्या प्रत्येक गोळीसाठी बचाव करणाऱ्याने वेगळा फासा टाकावा: कुंपणाआड ५ वा अधिक, गावकुसाआड ४ वा अधिक पडल्यास माणूस वाचतो. मग अंतर कितीही असले तरी नुकसान अनुक्रमे एक तृतीयांशाने आणि निम्म्याने घटते.

खंदकातला
वेगळ्या फाशाने खेळ रेंगाळतो. वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या वॉरगेमच्या जुन्या आवृत्त्यांत आडोशाचा बचाव असाच स्वतंत्र होता आणि चिलखत किंवा आडोसा यांपैकी एकच वापरता येत असल्याने जाड चिलखतवाल्याला भिंतीचा काहीच लाभ होत नसे. २०२३च्या दहाव्या आवृत्तीत आडोसा चिलखताच्याच फाशात एक मिळवतो. मला बोल्ट ॲक्शन या दुसऱ्या महायुद्धावरील वॉरगेमच्या दुसऱ्या आवृत्तीची रीत अधिक पटते. तेथे हलक्या आडोशाला एक, भक्कम आडोशाला दोन वजा होतात, आणि ६ हून अधिकची गरज पडल्यास आधी ६ आणि मग पुन्हा ६ पडावे लागतात.

पाचसहा
असईच्या मैदानात कोणाच्याही पायदळाला चिलखत नव्हते, त्यामुळे तो पेच येथे उद्भवतच नाही. सहावर सहा म्हणजे छत्तीसांत एक, आणि तेवढ्या आशेवर कोणीही खेळाडू आपली पलटण पुढे काढणार नाही. धागाकर्त्यांची तक्रार नेमकी तीच आहे.

गोलंदाज
आपण दोघेही एका गोळीचा हिशेब करत आहात. टेबलावर मात्र शेकडो माणसांची पलटण आहे. ती सबंध गावकुसाआड मावते का? निम्म्याहून अधिक तुकडी आडोशात असेल तरच बचाव मिळावा, असा साधा नियम करावा. शिवाय मातीची भिंत बंदुकीची गोळी आणि तोफेचे छर्रे अडवते, परंतु भरीव तोफगोळ्यापुढे ती फार काळ तग धरत नाही. म्हणून तोफगोळ्यासाठी गावकुसाचा बचाव ५ वर आणावा.

तरीही कोंडी फुटणार नाही, कारण तिचे मूळ जिंकण्याच्या अटींत आहे. प्रत्यक्षात इंग्रजांची ७४वी पलटण आणि तिच्यापुढची तुकडी वाट सोडून गावाच्या अंगाला गेली आणि तेथल्या तोफांनी व पायदळाने तिची अक्षरशः चाळण केली. वेलस्लीने गावाशी डोके न आपटता केळना आणि जुई या नद्यांमधल्या, शिंद्यांच्या सेनानी पोलमनच्या फळीवर मुख्य घाव घातला, आणि ती मोडल्यावर गावातले पायदळ उत्तरेकडे निघून गेले. तेव्हा गाव घेण्याचे गुण देऊच नयेत. मुख्य फळीतल्या निम्म्या पलटणी मोडल्या की गावातल्या तुकडीने दर फेरीला धैर्याचा फासा टाकावा आणि तो चुकल्यास गाव सोडावे.

शुतरनाळ
मी केवळ आकडा विचारला होता, परंतु ५ आणि ४ चा बचाव व धैर्याचा फासा दोन्ही घेतो. निम्म्या तुकडीची अट मात्र घेणार नाही, कारण माझ्या खेळात पलटण म्हणजे एकच चौकोनी पट्टी आहे आणि तिच्या मध्यबिंदूवरूनच सर्व ठरते. संगिनीच्या हल्ल्यात आडोशाचे काय करावे?

खंदकातला
तेथेही एक वजा करावा.

गोलंदाज
समोरासमोर भिडल्यावर कुंपण कोणाला वाचवत नाही, म्हणून तेथे काहीही देऊ नये. गावकूस ओलांडून येणाऱ्यांनी मात्र भिडण्याआधी आतल्या तुकडीची एक फैर सोसावी, आणि तिच्यावर त्यांना स्वतःला कोणताही बचाव नसावा.

शुतरनाळ
ती फैर जवळची धरून ४ वा अधिकवर लागेल, असे लिहून घेतो. गावातल्या तोफांनाही अशी फैर द्यावी काय?

गोलंदाज
त्या फेरीत त्यांनी आधी मारा केला नसेल तरच.