सल्ला हवा : निवृत्तीनंतर स्वस्त ग्रामीण भागात राहून घरापुरती कॅनाबिसची (गांजाची) झाडे कायदेशीरपणे लावायची आहेत

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही उभयता गेली 27 वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोघेही अमेरिकेचे नागरिक आहोत आणि येत्या मार्चमध्ये माझी नोकरी संपते. तीन वर्षांपूर्वी पत्नीला केमोथेरपी घ्यावी लागली. आजार आटोक्यात आला, परंतु त्या औषधांनी हातापायांच्या नसांना केलेली इजा मागे राहिली, आणि रात्री तळपायांची आग होऊन तिला झोप लागेनाशी झाली. डॉक्टरांशी बोलून आम्ही कॅनाबिससाठी राज्याचे वैद्यकीय कार्ड काढले. झोपण्यापूर्वी अगदी थोडे घेतले की तिला सलग पाच तास झोप मिळते, आणि ज्या घरात कित्येक महिने रात्रभर दिवा जळत होता त्या घरात ही गोष्ट लहान नाही.

अडचण खर्चाची आहे. दुकानातला माल दर महिन्याला विकत घेणे निवृत्तीनंतर परवडणार नाही. न्यू जर्सीत 21 एप्रिल 2022 पासून प्रौढांना खुली विक्री होते, तरीही घरी एक झाड लावणे हादेखील गुन्हा आहे आणि वैद्यकीय कार्ड हाती असले तरी त्यात सूट नाही. माझे बालपण वाईजवळ हळदीच्या शेतात गेले आहे. चार झाडे वाढवणे मला जड नाही, ती लावण्याची मुभा असलेली जागा तेवढी हवी आहे.

एडिसनचे घर विकून आलेल्या पैशातला बराचसा भाग म्हातारपणासाठी राखायचा आहे. त्यामुळे साधे घर, अर्धा-एक एकर जमीन, भरवशाचे पाणी आणि दीड तासाच्या आत कर्करोगतज्ज्ञ असलेले रुग्णालय, एवढीच अपेक्षा आहे. मेन, मिशिगन, ओरेगन आणि कोलोरॅडो ही नावे नकाशावर पाहिली आहेत. माझा धाकटा मेहुणा ग्रीन कार्डावर असून आमच्याबरोबरच राहतो, तोही सोबत येईल. प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तरसरोवर

मी मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे मॅकिनॉ पुलाच्या उत्तरेकडे, अकरा वर्षे राहतो आहे. नोव्हेंबर 2018 च्या मतदानाने झालेल्या आमच्या कायद्यानुसार एका घराच्या आवारात एका वेळी 12 झाडे चालतात. मात्र ती कुलूप लावता येईल अशा बंदिस्त जागेत असावी लागतात आणि सार्वजनिक रस्त्यावरून दुर्बिणीशिवाय दिसता कामा नयेत. निघालेला माल घरात ठेवता येतो, पण अडीच औंसांच्या वरचा कुलपात ठेवावा लागतो. 12 हा आकडा ऐकून मन मोहरते, परंतु तुम्हा दोघांना त्याच्या पावपटही झाडे लागणार नाहीत, तेव्हा केवळ आकड्यावरून राज्य निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

घरे इकडे खरोखर स्वस्त आहेत, विशेषतः आयर्न आणि ऑन्टोनागन काउंटीतल्या जुन्या खाणगावांत. पण घर पाहताना एक गोष्ट नक्की तपासा. मिशिगनमध्ये मालक तोच असेपर्यंत घराच्या करपात्र मूल्याच्या वाढीवर मर्यादा असते, आणि घर विकले गेले की दुसऱ्या वर्षी ती मर्यादा उठून मूल्य बाजारभावानुसार नव्याने धरले जाते. विकणाऱ्या आजोबांची कराची पावती पाहून हिशेब मांडला, तर पुढच्या वर्षीची पावती पाहून धक्का बसतो. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले, आणि घर दाखवणाऱ्या दलालाने त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता.

हवामानाविषयी सांगायचे तर सरोवरापासून दूर, आतल्या भागात, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही एखाद्या रात्री दव गोठते आणि सप्टेंबरात पुन्हा गोठू लागते. कॅनाबिसचे नेहमीचे वाण दिवस लहान होऊ लागल्यावर, म्हणजे ऑगस्टात, फुलोऱ्यावर येते आणि त्याला पिकायला ऑक्टोबर उजाडतो. इथे तोवर ते उभ्यानेच करपते. म्हणून मी दिवसाच्या लांबीवर न अवलंबणारे, ठराविक वयात आपोआप फुलणारे ऑटोफ्लॉवर वाण लावतो, आणि तेही पॉलीहाउसमध्ये. केविनॉच्या बाजूला तर वर्षाला 200 इंचांहून अधिक बर्फ पडतो. मार्क्वेटला मोठे रुग्णालय आहे, पण जानेवारीत तिथपर्यंत पोहोचण्याचा दीड तास हा एडिसनचा दीड तास नव्हे.

सनद

जागेविषयी मला काही सांगता येणार नाही, परंतु धागालेखकांनी मेहुण्यांचा जो उल्लेख केला आहे तो माझ्या दृष्टीने या संपूर्ण धाग्यातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे. राज्याने परवानगी दिली म्हणून संघीय, म्हणजे देशपातळीवरचा गांजाविषयक कायदा बदलत नाही, आणि नागरिकत्व, व्हिसा, ग्रीन कार्ड हे सर्व संघीय कायद्याखाली चालते. 19 एप्रिल 2019 रोजी नागरिकत्व व स्थलांतर खात्याने लेखी मार्गदर्शन काढले आहे, आणि त्यानुसार राज्यात कायदेशीर असलेली गांजाविषयक कृतीदेखील नागरिकत्वाच्या अर्जात सच्चारित्र्य सिद्ध करण्याच्या आड येऊ शकते. केवळ सेवनच नव्हे, लागवडीत हात असणे, अशा व्यवसायात नोकरी करणे, हेही त्यात येते. गुन्हा दाखल होण्याची गरज नसते. अधिकाऱ्यासमोर शपथेवर दिलेली कबुली पुरते. भारतातून परत येताना विमानतळावर विचारलेल्या एका प्रश्नानेही ग्रीन कार्डधारक अडचणीत येऊ शकतो.

आपण दोघे नागरिक आहात, आपला प्रश्न वेगळा आहे. मेहुण्यांनी मात्र नागरिकत्व मिळेपर्यंत स्वतंत्र राहावे, झाडांना पाणीसुद्धा घालू नये, आणि घर बदलण्यापूर्वी स्थलांतराच्या वकिलाचा सल्ला घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याचबरोबर दोन्ही राज्यांत कायदेशीर असले तरी राज्याची सीमा ओलांडून माल, रोप वा बी नेऊ नका, आणि भारतात जाताना तर सामानात त्याचा कणही असू नये. तिकडे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे आणि तो तुमचे कार्ड पाहणार नाही.

पाइनवन

मेनविषयी थोडक्यात लिहितो. इथे 2016 च्या मतदानाने मुभा मिळाली. प्रत्येक झाडाला आपले नाव, वाहनपरवान्याचा क्रमांक आणि हे झाड वैयक्तिक वापरासाठी असल्याचा मजकूर असलेली चिठ्ठी बांधावी लागते. अरूस्टुक काउंटीत घरे अतिशय स्वस्त मिळतात. तो बटाट्याचा मुलूख आहे. काही शाळा काढणीच्या दिवसांत मुलांना अजूनही सुटी देतात. परंतु उन्हाळा अगदी आखूड आहे. मला विचाराल तर युनिटी गावाच्या आसपासचा वॉल्डो काउंटीचा भाग पाहा. सेंद्रिय शेतकरी संघटनेचे ठाणे तिथे आहे, दर सप्टेंबरात तिची मोठी जत्रा भरते, आणि बाहेरच्या माणसाला शेजार लवकर मिळतो. बँगॉरची रुग्णालये फार दूर नाहीत. दोन सूचना : विहिरीच्या पाण्यातल्या आर्सेनिकची तपासणी केल्याशिवाय घर घेऊ नका, कारण इथल्या खडकांतच ते आहे, आणि किनाऱ्याजवळच्या दमट हवेत फुलोरा भरला की आतून करड्या बुरशीने कुजू लागतो, तेव्हा ऑगस्टपासून रोज झाडाजवळ उभे राहावे लागेल.

रोगखोरे

दक्षिण ओरेगनचे नाव आपल्या यादीत आहे म्हणून लिहिते. हवामानाच्या दृष्टीने जोसेफिन आणि जॅक्सन काउंट्यांसारखी जागा क्वचितच सापडेल. कोरडा, लांब उन्हाळा आणि सौम्य हिवाळा. घरामागे चार झाडे चालतात, आणि नीट वाढलेल्या एकाच झाडातून तुमची वर्षाची गरज भागेल. तरीही मी इथे येण्याचा सल्ला देणार नाही. बेकायदा मोठ्या लागवडींनी आमच्या खोऱ्याचे पाणी इतके ओढले की ऑक्टोबर 2021 मध्ये जॅक्सन काउंटीला आणीबाणी जाहीर करावी लागली. माझी बोअर त्याच वर्षी आटली आणि दोन महिने टँकरवर काढावे लागले. सप्टेंबर 2020 च्या वणव्यात टॅलंट आणि फीनिक्स या गावांचा मोठा भाग एका दिवसात जळाला. तेव्हापासून घराचा विमा मिळवणे हीच एक स्वतंत्र लढाई होऊन बसली आहे. स्वस्त घर दिसले तर आधी विमा किती बसेल आणि कोणी देईल का, हे विचारा. किमतीचा विचार त्यानंतर.

कोलोरॅडोच्या सॅन लुइस खोऱ्यातले, कोस्टिया काउंटीतले पाच एकरांचे स्वस्त भूखंड पाहिले असतील, तर तेही सोडून द्या. साडेसात हजार फुटांहून अधिक उंची, पाणी नाही, वीज नाही, आणि रस्ता फक्त नकाशावर.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सनद यांचा प्रतिसाद मेहुण्याला वाचून दाखवला; तो एडिसनलाच भाड्याने खोली घेऊन राहील असे ठरले आहे. मूळ प्रश्नात एक गोष्ट लिहायची राहून गेली, आणि ती आधी लिहिली असती तर तुमचे श्रम वाचले असते याचे वाईट वाटते. थंडीत पत्नीचा त्रास फार वाढतो. फ्रिजमधली दुधाची पिशवी उचलली तरी तिच्या बोटांत सुया टोचल्यासारखे होते. मिशिगन आणि मेन वाचताना तिनेच हे लक्षात आणून दिले. उबदार आणि कोरड्या भागाचा अनुभव कोणाला आहे का?

मेसा

आपला दुसरा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. आम्ही न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांदेच्या काठी सोकोरोच्या दक्षिणेला नऊ वर्षे आहोत. 29 जून 2021 पासून इथे घरगुती लागवडीला मुभा आहे : माणशी सहा आणि घरामागे जास्तीत जास्त बारा वाढलेली झाडे. मुलूख दिसायला आपल्या माणदेशासारखा आहे, नदीकाठची हिरवी पट्टी सोडली की उघडा माळ आणि दूरवर डोंगर, आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी गडगडाट करून येणारा वळीव. उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास असल्याने हिवाळ्यात पहाटे पाणी गोठते, परंतु दुपारी उन्हात बसता येते. पत्नीच्या बोटांना ही कोरडी थंडी कशी मानवते ते मात्र राहूनच कळेल. दव गोठायला बहुधा ऑक्टोबरचा उत्तरार्ध लागतो, त्यामुळे नेहमीचे वाण उघड्यावरही पिकते.

इथे सगळे पाण्यावर ठरते. डेमिंगजवळ 1960 च्या दशकात अर्ध्या एकराचे हजारो भूखंड कागदावर आखून दूरदूरच्या लोकांना विकले गेले, आणि ते आजही कवडीमोलाने विक्रीस असतात, कारण तिथे ना पाणी ना रस्ता. जमीन स्वस्त आणि बोअर महाग असा हा प्रदेश आहे. म्हणून चालू बोअर, सेप्टिक टाकी आणि विजेची जोडणी असलेले जुने घर किंवा मोबाइल होमच घ्यावे. बोअरची नोंद राज्याच्या स्टेट इंजिनिअरच्या कार्यालयात पाहता येते; खोली आणि पाण्याची पातळी तिथून तपासा. दारात कालवा असला तरी त्याचे पाणी या झाडांना देऊ नका : संघीय प्रकल्पाचे पाणी गांजासाठी वापरू न देण्याचे धोरण ब्युरो ऑफ रेक्लमेशन या संघीय जलखात्याने 2014 मध्येच जाहीर केले आहे. जमीन चुनखडीची आणि अल्कधर्मी आहे, तेव्हा कापडी कुंड्या, भरपूर कंपोस्ट आणि ठिबक यांवर भर द्यावा. तीन झाडांना तेवढे पुरते.

आता रुग्णालय. दक्षिणेकडचे ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस हे गरम झऱ्यांचे गाव स्वस्त आहे आणि उबदारही, पण तिथून लास क्रुसेस सुमारे 75 मैल आणि अल्बुकर्की सुमारे 150 मैल पडते. लास क्रुसेसहून उत्तरेकडे परतताना महामार्गावर सीमा पोलिसांचा कायमचा तपासणी नाका लागतो. तो संघीय आहे, आणि 2024 मध्ये तिथल्या नाक्यांवर राज्याचा परवाना असलेल्या व्यावसायिकांचा मालसुद्धा जप्त झाला आहे. तपासणीला जाणाऱ्या गाडीत औषध म्हणून ठेवलेली छोटी डबीही तिथे चालत नाही. सोकोरोतून अल्बुकर्की सुमारे 75 मैलांवर आहे, तिथे विद्यापीठाचे कर्करोग केंद्र आहे आणि त्या वाटेत हा नाका लागत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी आपल्याला सोकोरो ते बेलेन हा पट्टा सुचवेन, घर थोडे महाग पडले तरी.

कृष्णाकाठ

नाक्याची गोष्ट आम्हाला कुठल्याही संकेतस्थळावरून कळली नसती. पत्नीने नकाशावर सोकोरो शोधले आहे. घर लगेच विकत न घेता ऑक्टोबरपासून वर्षभर भाड्याने राहून तिथला हिवाळा आणि उन्हाळा पाहावा असा आमचा विचार आहे. भाड्याच्या घरात झाडे लावता येतील का?

मेसा

घरमालकाने लेखी परवानगी दिली तर. करारात झाडांची संख्या आणि जागा स्पष्ट लिहून घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका, आणि मालकाचे कर्ज किंवा भाडे संघीय योजनेतले असेल तर विचारूही नका, दुसरे घर पाहा. ऑक्टोबरात आलात तर तसेही मेपर्यंत बाहेर काही लावायचे नाही. तो हिवाळा बोअरची घरे पाहण्यात घालवा. रोपे मेच्या पहिल्या आठवड्यात अल्बुकर्कीच्या परवानाधारक दुकानातून घ्या. छाट रोपे मादी झाडाचीच असतात, त्यामुळे नर उपटण्याचे काम उरत नाही. येण्याआधी पंधरा दिवस इथेच कळवा, आमच्या ओळखीतली दोन घरे तोवर रिकामी होणार आहेत.

कृष्णाकाठ

सप्टेंबरच्या मध्यावर कळवतो. त्यापूर्वी पत्नीचे सर्व वैद्यकीय कागद अल्बुकर्कीला पाठवून तिथल्या डॉक्टरांची पहिली वेळ घेणार आहोत; ती मिळाली की मगच घराकडे वळू.