मदत हवी आहे : ॲमस्टरडॅमच्या क्वेरिडो प्रकाशनाबद्दल काय वाचू?

नमस्कार मंडळी. १९३३ मध्ये जर्मनीत पुस्तकांच्या होळ्या झाल्या आणि त्याच वर्षी इमॅन्युएल क्वेरिडो या डच प्रकाशकाने ॲमस्टरडॅममध्ये परागंदा जर्मन लेखकांसाठी वेगळा विभाग काढला. फ्रिट्झ लँड्सहॉफ तो सांभाळायचे. हाइनरिश मान, फॉइश्टवांगर, आना झेगर्स, योसेफ रोट यांची पुस्तकं तिथून निघाली, तीही मायदेशाची बाजारपेठ बंद असताना! मे १९४० मध्ये नाझी हॉलंडमध्ये घुसले. लँड्सहॉफ तेव्हा लंडनला होते म्हणून वाचले. क्वेरिडो पतीपत्नीला १९४३ मध्ये सोबिबोरच्या छळछावणीत मारलं.

लेखकांवर भरपूर लिहिलेलं सापडतं, प्रकाशकांवर फार कमी. ही पुस्तकं कुठे विकली जायची, लेखकांना मानधन कसं पोचायचं, यावर मराठीत किंवा इंग्रजीत कुणी काही वाचलंय का? पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयात असेल तर नक्की सांगा.