शब्दचर्चा : डीमन म्हणजे दैत्य?

हिरवाचाफा : ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या मराठी टिपणांचं भाषांतर तपासतेय. 'छपाईचा दैत्य मागे चालू असतो' असं वाक्य आलं! 'डीमन'ला, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, 'पार्श्वसेवा' चालेल का?

खटपट्या : दैत्य नकोच. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमचं बोधचिन्ह असलेलं ते शिंगंवालं लाल पोर बघून तसा समज होतो खरा. पण नाव आलंय मॅक्सवेलच्या डीमनवरून. भौतिकशास्त्रातला हा काल्पनिक जीव दोन कप्प्यांमधल्या झडपेशी बसून वेगवान आणि मंद रेणू अखंड निवडत असतो. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या 'प्रोजेक्ट मॅक' या संगणक-संशोधन प्रकल्पातल्या मंडळींनी पडद्यामागे राबणाऱ्या प्रोग्रॅमला ते नाव दिलं. त्यांच्यातले फर्नांडो कॉर्बातो सांगत की पहिला डीमन फायलींच्या प्रती टेपवर उतरवायचा. 'डीमन'ची इंग्रजी आद्याक्षरांची फोड सांगतात ती मागाहून जुळवलेली.

तेरेखोल : आमच्या तळकोकणात राखणदार असतो ना! दिसत नाही, रात्रभर गावाची राखण करतो. तोच शब्द घ्या.

हिरवाचाफा : गोड आहे, पण विदर्भातल्या पोरांना शेतावरचा रखवालदार वाटेल.

खटपट्या : शिवाय सगळे डीमन राखण कुठे करतात? क्रॉन नावाचा डीमन ठरल्या वेळी कामं सुरू करतो, एसएसएचडी नावाचा दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्या जोडणीची वाट बघतो. 'पार्श्वसेवा'चीही अडचण आहे. शेलमध्ये (टाइप केलेल्या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आज्ञेच्या शेवटी अँपरसँड (&) टाकला की कुठलीही प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, पार्श्वभूमीवर जाते, म्हणून ती डीमन होत नाही. डीमनचा टर्मिनलशी, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीशी, संबंधच तुटलेला असतो. युनिक्सच्या जुन्या रीतीत प्रोसेस फोर्क करते (स्वतःची प्रत काढते), जन्मदाती संपते आणि पोरक्या लेकराला १ क्रमांकाची, सिस्टिममध्ये सगळ्यात आधी सुरू होणारी प्रोसेस 'इनिट' दत्तक घेते. हा फरक पुसणारा शब्द कितीही देखणा असला तरी काय कामाचा? मी 'डीमन'च ठेवेन. पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या.

हिरवाचाफा : मग असं लिहिते : 'टर्मिनलशी न जोडलेली, वापरणाऱ्याने थेट न हाताळता मागे चालत राहणारी प्रोसेस.' आता पुढच्याच पानावर 'झोंबी प्रोसेस' आहे.

तेरेखोल : 'झॉम्बी' करा हो, झोंबी म्हटलं की कुस्तीच डोळ्यांपुढे येते! ही बिचारी कोणाशी झटत नाही. काम संपलंय, मेमरी परत दिलीय, पण जनक प्रोसेसने निकाल वाचलेला नाही म्हणून यादीत नुसती नोंद उरलीय. 'किल -९' ही सक्तीने बंद करायची आज्ञा देऊनही ती जात नाही.

खटपट्या : जनकाला संपवलं की जाते. मग इनिट तिला दत्तक घेऊन नोंद साफ करते. टिपणात हेही घाला, प्रात्यक्षिकात हमखास विचारतात.