साडेतीन लाखांत सही करायची का?

धागाकर्ता : आडगावकर

धाकट्या भावाचा अपघाताचा दावा पुण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दीड वर्ष पडून आहे. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर त्याच्या दुचाकीला टेम्पोने मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. आता विमा कंपनीचा निरोप आलाय : लोकअदालतीत या, साडेतीन लाख घ्या, विषय संपला. आमचे वकील म्हणतात, घेऊन टाका. घरचेही तेच म्हणतात. मी म्हणतो, सही करू नये.

भाऊ ग्रिलचं वेल्डिंग करतो. वय 34, महिन्याला 18,000 सुटायचे. सरकारी दवाखान्याचा दाखला 22 टक्के अपंगत्वाचा. पण ग्रिल जोडायला उकिडवं बसावं लागतं आणि त्याचा गुडघा काटकोनापुढे वाकत नाही. परवा पाटावर बसून, एक पाय लांब सोडून काम करताना बघितला. ठिणग्या थेट पोटरीवर. दोन जोड मारले आणि भिंतीला धरून उठला. हे 22 टक्के?

सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात हेच सांगितलंय : अवयव किती टक्के गेला यापेक्षा कमाई किती टक्के गेली ते बघा. वर्षाचे 2,16,000, या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा, वयावरून ठरलेला आकडा) 16. नुसते 22 टक्के धरले तरी 7,60,320 होतात. कमाईचं नुकसान 40 टक्के मानलं तर 13,82,400. दवाखान्याची बिलं आणि भोगलेला त्रास वेगळाच. मग साडेतीन लाख आले कुठून?

खडूस म्हातारा

मी सांगतो कुठून आले. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

18,000 चा पुरावा काय? काम रोखीचं, आयकराचं रिटर्न भरलेलं नसणार. कोर्ट अंदाजे 10,000 धरेल. 22 टक्के, गुणक 16 : झाले 4,22,400. त्यात दुचाकी इशारा न देता वळली असं ठरवून 20 टक्के चूक तुमच्या भावावर टाकली, की उरतात 3,37,920. म्हणजे कंपनीचे साडेतीन लाख त्यापेक्षा उदारच! वर अपील झालं तर आणखी वर्षं. हातातले सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

आडगावकर

मागून ठोकलंय हो. पंचनाम्यात आहे, टेम्पोचा पुढचा बंपर आणि आमच्या गाडीचं मागचं चाक.

खडूस म्हातारा

पंचनामा चांगला असेल तर 20 टक्के सोडून देतो. 18,000 नाही सोडत.

निशिगंध

आम्ही केली सही. यजमानांना घरी बसून वर्ष झालं होतं, मुलीची फी थकली होती, त्या दिवशी चेक देवासारखा वाटला. आठ महिन्यांनी रॉडच्या जागी पू झाला, दुसरं ऑपरेशन, 1,80,000 खर्च. परत कोर्टात गेलो तर कळलं की लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलच नाही. रॉड काढायचा बाकी असेल तर आधी त्याचा खर्च डॉक्टरांकडून लिहून घ्या, मग तडजोडीचं बोला.

टवाळखोर

हेल्मेट होतं का? नसेल तर तो मुद्दा निघणारच.

काळा कोट

मोडली मांडी, हेल्मेटचा काय संबंध? 2020 मध्ये एका दुचाकीवर तिघे असतानाच्या खटल्यातही सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नियम मोडला एवढ्यावर भरपाई कापता येत नाही, त्या चुकीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं.

आडगावकर, एक विचारतो. वकिलांची फी टक्क्यांवर ठरली आहे का?

आडगावकर

हो, 20 टक्के. सगळे तसंच घेतात म्हणे.

काळा कोट

घेतात, पण बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बसत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा मागणं, दोन्हीला मनाई आहे. टक्केवारीवाल्याला आज मिळणारे 70,000 पुढच्या चार वर्षांच्या तारखांपेक्षा गोड लागतात. तरी त्यांना लगेच चोर ठरवू नका. दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणताना आमचीच दमछाक होते, तीन-तीन तारखा ते फिरकत नाहीत. आणि ती साक्ष झाल्याशिवाय तुमचं उकिडवं बसणं कोर्टासमोर येतच नाही, 22 वरच घोडं अडतं.

खडूसकाका एक गोष्ट गाळतात : रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं, म्हणजे उशीर झाला की सगळंच बुडालं असं नाही. दुसरं मत हवं असेल तर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकीलही फुकट मिळतो.

खडूस म्हातारा

व्याजावर घर चालत नाही, वकीलसाहेब. भाऊ आज काय खातोय ते विचारा.

आडगावकर

माझ्याकडे जेवतो, तो प्रश्न नाही. पण तुमच्या 18,000 वरून काल हार्डवेअरच्या दुकानात गेलो. वेल्डिंग रॉड आणि पट्ट्या तो उधारीवर उचलायचा. दुकानदाराच्या लाल वहीत अपघाताच्या आधीची सलग दोन वर्षं त्याच्या नावाची पानं आहेत, दर महिन्याला माल किती आणि पैसे कधी चुकते केले, सगळं. अपघाताच्या महिन्यानंतर पान कोरं.

खडूस म्हातारा

मूळ वही आणा, झेरॉक्स चालणार नाही. आणि दुकानदार पिंजऱ्यात उभा राहील का ते आजच विचारा. राहणार असेल तर माझ्या जुन्या खात्यातले लोक साडेतीनवर थांबणार नाहीत.