मदत हवी आहे: रशियन हेलिकॉप्टर घेण्यामागचं खरं कारण काय?

हेलिकॉप्टर खरेदीवर लेख लिहायला घेतलाय आणि एकाच प्रश्नावर गाडी अडलीय. पाश्चात्त्य हेलिकॉप्टर मिळत असताना इतके देश रशियन एमआय-१७ हे वाहतुकीचं हेलिकॉप्टर का घेतात? शोधलं की सगळीकडे एकच उत्तर: स्वस्त पडतं म्हणून. मला ते पुरेसं वाटत नाही.

कारण अफगाणिस्तान. तिथल्या सैन्यासाठी २०११ मध्ये खुद्द अमेरिकेने रशियाकडून एमआय-१७ विकत घेतली. पैशाची चणचण तर नक्कीच नव्हती! तिथले वैमानिक आणि मेकॅनिक सोव्हिएत काळापासून याच जातीच्या यंत्रावर तयार झालेले. पुढे त्याऐवजी जुनी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर नव्याने सज्ज करून द्यायला सुरुवात झाली, तेव्हा अमेरिकी सरकारच्याच अहवालात आलं की एका एमआय-१७चा भार न्यायला जवळपास दोन ब्लॅक हॉक लागतात, आणि उंचावरच्या दुर्गम भागांत ती कमी पडतात.

बरं, रशियावरचं प्रेम म्हणावं तर तेही नाही. भारताने १५१ एमआय-१७ व्ही-५ घेतली, पण अवजड वाहतुकीसाठी रशियन एमआय-२६ ऐवजी अमेरिकी चिनूक आणि हल्ल्यासाठी रशियन एमआय-२८ ऐवजी अमेरिकी अपाचे निवडलं.

मग निर्णय नेमका कशावर ठरतो? ताकद, किंमत, की हाताशी असलेली माणसं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १:
चांगला प्रश्न. एमआय-१७ पोटात साधारण चार टन घेतं, पण खरी गंमत मागच्या बाजूला आहे. तिथला दरवाजा पूर्ण उघडतो, त्यामुळे पेट्या, स्ट्रेचर, अगदी छोटी गाडीसुद्धा सरळ आत ढकलता येते. ब्लॅक हॉकमध्ये सगळं बाजूच्या दारातून. ज्या देशाला एकाच हेलिकॉप्टरकडून सैनिक, धान्य, पूरग्रस्त असं सगळं वाहून घ्यायचंय, त्याला हे फार मोलाचं.

मात्र 'स्वस्त' हा शब्द जपून वापरा. ठरावीक तास भरले की रशियन यंत्र पूर्ण ओव्हरहॉलला, म्हणजे सगळं उघडून तपासणी-दुरुस्तीला, पाठवावं लागतं, आणि तेवढा काळ ते ताफ्यातून वजा. पाश्चात्त्य इंजिनांत बऱ्याचदा खराब झालेला भाग तेवढा बदलून भागतं. खरेदीत वाचलेला पैसा तिथे जाऊ शकतो.

प्रतिसाद २:
राजकारण विसरू नका. फिलिपिन्सने २०१८ मध्ये कॅनडाची बेल हेलिकॉप्टर नाकारली, कारण ती कुठे वापरणार यावर कॅनडाने चौकशी लावली. २०२१ मध्ये १६ एमआय-१७चा करार केला, तो पुढच्याच वर्षी, रशियाकडून खरेदी केली तर अमेरिका निर्बंध लावेल या धास्तीने मोडला. पोलंडमध्ये बनणारी ब्लॅक हॉक मात्र घेतली.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. ओव्हरहॉलचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आता एवढंच सांगा: हे काम आपल्याच देशात करण्याची सोय असेल, तर हिशेब कितपत बदलतो? कुणी अशा वर्कशॉपमध्ये काम केलं असेल तर जरूर लिहा.